उलट्या पायांची बिस्किटं

आमचे शेजारी यशवंतभाऊ भूत मानत नाहीत. पण भुताचे पाय सरळ काढलेले त्यांना खपत नाहीत.

हे मला कळलं दिवाळीच्या सुट्टीत. माझ्या लेकीनं, पिंकीनं, मैत्रिणींसाठी भुतांची पार्टी ठरवली होती, आणि मोबाइलवर बघून आम्ही मायलेकी भुतांची बिस्किटं करायला बसलो होतो. भाऊ कोथिंबीर मागायला आले आणि ओट्यापाशीच थबकले.

"हे काय होय?"

"भूत आहे, आजोबा."

"हे तं वाळत घातलेली चादर होय! याचे पाय कुठी हायेत?"

कोथिंबीर राहिली बाजूला. भाऊंनी बाह्या सरसावून मैद्याच्या गोळ्याचा ताबा घेतला.

भाऊंची सारी नोकरी बल्लारपूरला, कागद कारखान्यात बॉयलरवर गेली. हल्ली बुद्धविहारात पोरांपुढे भूतबाधेविरुद्ध भाषणं देतात. "भूत नसतेच. असन तं दाखवा मले!" हे त्यांचं पालुपद. आणि आता तेच भाऊ जीभ दाताखाली धरून हडळीच्या टाचा पुढे वळवत होते.

"भाऊ, तुम्ही तर मानत नाही ना?"

"नाई मानत. पण जे नाई ते तरी बरोबर काढा ना, बाई!"

एवढी बारीक माहिती त्यांच्याकडे आली सुलोचनाकाकूंकडून. काकू, म्हणजे त्यांची बायको, एटापल्लीकडच्या जंगलातल्या. त्यांना सगळी भुतं नावानिशी माहीत. यावरून नवराबायकोचं रोज वाजायचं आणि भिंतीपलीकडून मला फुकट ऐकायला मिळायचं. शेवट ठरलेला. काकू म्हणायच्या, "मी मेल्यावर येऊन दाखवीन, मंग मानसान!" तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि भिंत गप्प झाली.

आमच्याकडे ओव्हन नाही. भाऊंनी कुकरची शिटी आणि रबर काढलं, तळाशी मीठ पसरलं आणि झाकणावर हात धरून आच जोखत बसले. हडळीला चारोळीचे डोळे बसले. चकव्याची पाळी आली तेव्हा मात्र त्यांनी नुसतं गोल बिस्किट थापलं.

"याला काहीच नाही?" पिंकी हिरमुसली.

"चकवा कोणाले दिसला हाये? मानूस जंगलात गोल गोल फिरते, तेवढाच तो."

पार्टीत सगळ्यात आधी चकवेच संपले. पोरींनी बाकीची भुतंही पायांपासून मटकावली. भाऊ कोपऱ्यात बसून सांगत होते, "भूत नसते बरं, पोरीहो. खा."

पोरी गेल्यावर ताटं उचलताना बशीखाली झाकलेलं एक बिस्किट सापडलं. लुगडं, अंबाडा, चारोळीचे डोळे, आणि पाय चक्क सरळ! मला भाऊंना पकडल्याचा कोण आनंद झाला.

"भाऊ, हिचे पाय चुकले की!"

"चुकले नाई. ती सुलोचना होय."

त्यांनी बिस्किट रुमालात गुंडाळलं.

"बोलली का करूनच सोडे ती. तीन वर्षं झाले, मी दाराले कडी लावत नाई. नाई आली." मग हळूच म्हणाले, "भूत असतं तं ती आली नसती का, बाई?"

मी कोथिंबिरीची जुडी त्यांच्या हातात दिली. ते घरी गेले. भिंतीपलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मी बराच वेळ कान देऊन उभी होते. कडीचा आवाज काही आला नाही.