एकतीस डबे

सकाळी चहापत्ती काढायला आकांक्षा मांडणीपाशी गेली, तर मांडणी रिकामी.

"आई, डबे कुठं गेले?"

"कुरिअरनं," सासूबाई, द्वारकाबाई, म्हणाल्या. "चटणी भरून."

आकांक्षा वाटूरच्या शाळेत खेळाची बाई. तिच्या कबड्डीच्या पोरी खडकाळ मैदानावर ढोपरं फोडून घ्यायच्या आणि जिल्ह्याला गेल्या की मॅटवर घसरायच्या. त्या मॅटसाठी तिनं मोबाईलवरून अनोळखी लोकांना मदत मागितली होती. देणाऱ्याला सासूबाईंच्या हातची कारळाची चटणी भेट. पण मोहीम पुरी झाल्यावर.

"एकतीस जणांनी पैसे दिले. आपण नुसतं बसून राहायचं? बरं दिसतं का?"

"अहो, वीस तारखेपर्यंत आकडा भरला न्हाई, तर सगळ्यांचे पैसे परत जातेत! अजून निम्मेबी न्हाईत."

द्वारकाबाईंनी जरा विचार केला. "मंग चटणीबी परत येती का?"

"आणि मी आणलेल्या प्लॅस्टिकच्या डब्या?"

"त्याला वास येतो. चिठ्ठी टाकली न्‌ मी, 'डबा लग्नातला हाये, परत धाडा, घाई न्हाई.'"

तो आठवडा कठीण गेला. तुरीची डाळ कुकरात, कुकर लागला की बादलीत. साखर आणि मीठ शेजारीशेजारी दोन तांब्यांत. सासरे मच्छिंद्रराव एकदा मिठाचा चहा प्यायले आणि बायकोचा पडलेला चेहरा पाहून म्हणाले, "बराबर झालाय."

रात्री पडल्यापडल्या द्वारकाबाईंना पोरींची ढोपरं दिसत. हळद त्याच लावायच्या ना.

नवव्या दिवशी पहिला डबा आला. नाशिकहून, बेदाण्यांनी भरून. रिकामा डबा परत करायला कोणाचा हात धजतो? मग रत्नागिरीची कोकमं आली, नागपूरची संत्राबर्फी आली. कोणीतरी झाकणावर कोरलेल्या द्वारकाबाईंच्या नावाचा फोटो चिठ्ठीसकट मोबाईलवर टाकला, आणि ज्यांना डबा आला नव्हता ते विचारू लागले, 'आम्हाला कसा मिळेल?' कोल्हापूरच्या एका बाईंनी फोन करून लसूण किती घालायचा ते विचारलं. द्वारकाबाईंनी लसूण सांगितला आणि त्याच दमात ढोपरंही सांगितली. आकांक्षाच्या सोळा ओळींच्या आवाहनात ढोपरं कुठंच नव्हती. त्या बाईंनी त्यांच्या अख्ख्या भिशीला पैसे भरायला लावले.

एकोणीस तारखेला आकडा भरला. आकांक्षानं सासूला मिठीच मारली.

"आई, तुमच्यामुळं झालं! आता नव्या लोकांना चटणी धाडायची. जल्दी."

"कशात?" द्वारकाबाईंनी डोळे पुसत मांडणीकडं बोट केलं. एकतीसच्या एकतीस डबे गच्च भरलेले. "तुझ्या पोरींना बोलाव. आज सगळे रिकामे झाले पाह्यजेत."

"बिलकुल न्हाई! पुढच्या महिन्यात त्यांची वजनं हायेत. जास्त भरली तर स्पर्धेतून बाद होतील!"

पण मच्छिंद्रराव आधीच शाळेकडं जाऊन आले होते. दारात चपलांचा ढीग पडला होता.

"मॅटवर जिरंल," म्हणत द्वारकाबाईंनी बर्फीचं झाकण उघडलं.