येसबाची बिनश्वासाची चाल

बाळांनो, एका जंगलात पोरांचा बँड होता. जंगलात बँड कसा, असं विचारू नका. दारावरून वरात जाते तेव्हा विचारता का? नाचताच ना? मग आताही बसल्या जागी पाय हलवा आणि ऐका.

हत्तीचं पिल्लू गंपू मोठा भोंगा फुंकायचं. वानराचा झुंबर ट्रंपेट वाजवायचा, चितळाची रेवा क्लॅरोनेट. अस्वलाचा बोंदर कर्णा फुंकायचा आणि मधूनच त्यात मध आहे का ते डोकावून बघायचा.

या पोरांसाठी चाली बांधायचा येसबा साळिंदर. म्हातारा होता. त्याची रीत निराळी. आधी तो सावरीचा कापूस आणायचा. एकेका पोराच्या तोंडासमोर पुंजका सोडायचा आणि म्हणायचा, फुंक. पुंजका जितका वेळ हवेत राहील, तितकीच त्या पोराची ओळ. तो खाली आला की येसबा तिथे एक टिंब काढायचा. टिंब म्हणजे थांब बाळा, श्वास घे, तोवर दुसरा कुणी वाजवील.

मग पाठीवरचा एक काटा उपटून तो सागाच्या पानावर चाल लिहायचा. काटा उपटताना दुखायचं. चाल गोड असली की जरा कमी दुखायचं.

नव्या पाणवठ्याच्या उद्घाटनाला वाघमहाराज येणार होते. त्यासाठी येसबाने अशी चाल बांधली की काटा उपटलेला त्याला कळलाच नाही. ती पोरांनी एकदा हसत वाजवावी, एवढंच म्हाताऱ्याला हवं होतं. पोरं हसत वाजवायचीही.

पण तालमीला आया येऊन बसल्या.

झुंबरने ट्रंपेट खाली ठेवला आणि रेवाची ओळ सुरू झाली, तशी त्याची आई चिंगूताई फांदीवरून उतरली.

“येसबाकाका, आमचा झुंबर गप्प का बसलाय?”

“श्वास घेतोय, ताई.”

“श्वास तो घरीही घेतो. घरी दुसरं करतो काय? इथे वाजवायला पाठवलाय त्याला.”

येसबा नको म्हणायला शिकलेला नव्हता. त्यात चिंगूताईने जाता जाता सांगितलं की पोपट हल्ली मागाल तशा चाली देतो, झाडावर बसल्या बसल्या. पोपटाने कधी कुणापुढे कापूस धरला नव्हता. त्याच्या हाती पोरं गेली तर त्यांचं काय होईल, या धास्तीने येसबाने दुसरा काटा उपटला आणि झुंबरची टिंबं काढून टाकली.

मग रेवाची आई आली. शेजारणीच्या पोराला टिंब नाही, मग माझ्या लेकीलाच का, असं तिचं म्हणणं. रेवाची टिंबं गेली. हत्तीणबाईंना वाटलं, आपला गंपू मागे नुसता भों भों करतो आणि चाल पुढची बारकी पोरं नेतात. गंपूलाही मुख्य चाल मिळाली. हळूहळू सगळ्यांना मुख्य चाल मिळाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकदम. येसबाची पाठ सोललेल्या फणसासारखी दिसू लागली.

चालीच्या अगदी शेवटी त्याने एक टिंब लपवून ठेवलं होतं. बोंदरच्या आईने ते बरोबर हुंगून काढलं.

“हे काय, काका?”

“एकच श्वास आहे, बाई.”

“एकच ना? मग एकाने काय होणार? तोही काढा.”

उद्घाटनाचा दिवस उजाडला. वाघमहाराज हार घालून बसले. सगळं जंगल दाटीवाटीने उभं राहिलं. बँड सुरू झाला.

बाळांनो, काय वाजला म्हणून सांगू. माना डोलल्या, शेपट्या डोलल्या, दोन रानडुकरं नकळत फुगडी घालू लागली. पोरांचे गाल फुगले, मग डोळे फुगले. गंपू जांभळा पडला. बोंदर गोल गोल फिरू लागला. झुंबरचं तोंड मुळातच काळं, त्याचं काही कळेना. येसबा समोरून हात हलवून थांबा थांबा म्हणत होता. पोरांना वाटलं, काका आणखी जोरात म्हणतायत.

आधी रेवाचे चारही पाय चार दिशांना गेले आणि ती अलगद बसली. झुंबर तिच्यावर पडला, बोंदर झुंबरवर. शेवटी गंपू पडला तो मागे ठेवलेल्या ढोलावर. धडाम.

मग सगळं शांत.

येसबा धावला. एकेकाच्या छातीला कान लावू लागला. तेवढ्यात सगळ्या पोरांनी एकदम श्वास घेतला, पोटभर, लांबलचक. हाऽऽ. आणि पडल्या पडल्या ती खिदळू लागली.

वाघमहाराज उभे राहिले. पाय लावून पळावं, असं सगळ्यांना वाटलं. पण महाराजांचे डोळे ओले होते.

“आम्ही जिथे जातो तिथे सगळे श्वास रोखून उभे राहतात,” ते म्हणाले. “आमच्यासमोर असा मोकळा श्वास आजवर कुणी घेतला नाही. तो शेवटचा भाग पुन्हा होऊ द्या.”

झालं. आयांच्या माना ताठ झाल्या. रेवाची आई सगळ्यांना सांगत सुटली की पहिली पडली ती आमची. चिंगूताईचं म्हणणं, पहिलं पडण्यात काय आहे, पडावं तर झुंबरसारखं ऐटीत. हत्तीणबाई म्हणाल्या, आवाज कुणाचा झाला ते बघा.

दुसऱ्या दिवशी येसबाच्या बिळासमोर रांग लागली. पुढच्या चालीत आमच्या पोराला जास्त वेळा पाडा, म्हणून.

येसबाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कापूस आणला. पोरांकडून पुंजके फुंकून घेतले. जिथे पुंजका खाली आला तिथे पूर्वीसारखं टिंब काढलं आणि टिंबाखाली लिहिलं: इथे पडावे.

आया पान हातात घेऊन टिंबं मोजू लागल्या. जिच्या पोराला कमी, ती रुसली. येसबाने तिला दोन वाढवून दिली.

आता त्या जंगलात बँड वाजतो, थांबतो, पोरं गवतात लोळतात, ढग बघतात, उठून पुन्हा वाजवतात. आया टाळ्या वाजवतात. येसबाच्या पाठीवर नवे काटे येतायत. खाज सुटते, पण तो खुशीत आहे.

तात्पर्य: बाळांनो, दमलात तर कधीही नुसतं थांबू नका, त्याला आळस म्हणतात. मोठ्या पाहुण्यांसमोर कोसळा, त्याला कला म्हणतात.