वादळातलं जहाज आणि मागचा कॉम्प्रेसर

नाटकातली राजकन्या उमरावाला तीन अंक झिडकारते आणि शेवटी दुसऱ्याशीच लग्न करते. हे ठाऊक असूनही फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने उमरावाची भूमिका हौसेने घेतली, कारण राजकन्या होणार होती फुलांच्या दुकानाची मालकीण. तिच्या दुकानातला फ्रिज सारखा बिघडायचा. हा धावत जायचा, तर पोचेपर्यंत फ्रिज सुरू झालेला असायचा. मग मनातलं बोलायला निमित्तच उरायचं नाही. निदान रंगमंचावर तरी बोलून घेऊ, एवढीच बिचाऱ्याची आशा.

पण तालमीत सगळा आनंदच होता.

"'मी वादळातलं जहाज, तू हिमशिखर' हे काय बिल वाचल्यासारखं म्हणतोस?" नाटक बसवणारे मास्तर करवादले. "एकतर्फी प्रेम आहे ते. जळायला हवंस तू."

"मास्तर, जहाज मी पाहिलंय कुठे?"

"मग रोज पाहतोस ती वस्तू डोळ्यांपुढे आण. तोंडाने मात्र जहाजच म्हण."

युक्ती भलतीच लागू पडली. पुढच्या तालमींत तो असा काही जळला की मास्तर खूश झाले. डोळ्यांपुढे काय आणतोस, हे त्यांनी विचारलं नाही.

प्रयोगाला नाट्यगृह भरलं. राजकन्येने त्याच्याकडे रोखून पाहिलं आणि जहाज पार बुडालं. डोळ्यांपुढे होतं तेवढंच शिल्लक राहिलं.

"राजकन्ये, तू... फ्रिज आहेस."

प्रेक्षक खो खो हसले. विंगेत मास्तरांनी कपाळावर हात मारला.

"दार उघडलं की आत लख्ख दिवा," तो रेटून बोलत राहिला. "पण ते माझ्यासाठी उघडत नाही. मी मागचा कॉम्प्रेसर. दिवसभर तापतो, थरथरतो, म्हणून आत गारवा असतो. पण मागे वाकून बघतंय कोण?"

हसू ओसरलं. राजकन्येने आता 'चालता हो' म्हणायचं होतं.

"चालता हो म्हणा," मास्तर विंगेतून कुजबुजले.

"थांबा हो मास्तर." ती उमरावाकडे वळली. "माझा फ्रिज एकदा तरी बिघडलेला सापडला का तुम्हाला?"

"नाही."

"मग सारखी कशाला बोलावत होते मी?"

प्रेक्षकांना लगेच कळलं, टाळ्या पडल्या. त्याला जरा वेळ लागला. मग तो जसा हसला, तसं हसणं त्याला तालमीत कधीच जमलं नव्हतं.

शेवटच्या अंकातला नवरदेव, म्हणजे विमा एजंट, मुकुट सावरत विंगेत आला.

"मास्तर, माझा प्रवेश कधी?"

"पुढच्या वर्षी," मास्तर म्हणाले आणि त्यांनी पडदा पाडायची खूण केली.