दाढसरांचा उजवा डोळा

ज्याला भुलीचं इंजेक्शन द्यायला जमणार नाही असा विद्यार्थी अजून जन्माला यायचाय, असं दाढसर दर वर्षी पहिल्याच तासाला छातीठोकपणे सांगत. त्या वर्षी तो विद्यार्थी जन्माला आलेला तर होताच, शिवाय तिसऱ्या बाकावर बसून सरांचं हे वाक्य वहीत उतरवून घेत होता. म्हणजे घेत होती.

दंतमहाविद्यालयात दाढा काढायला शिकवायचे म्हणून ते दाढसर. शेजारच्या विभागात हिरड्यांचे आजार शिकवायचे ते हिरडीसर. आणि वर्गात सगळ्यांत बारीक आवाज जिचा, ती चिमणी. चिमणीचं पाठांतर पक्कं होतं. जबड्यातली कुठली नस कुठून निघते, कुठे वळते आणि कुठल्या दाताला जाऊन मिळते, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगायची. फक्त हातात सिरिंज आली की तिचा हात पंख्याखालच्या कागदासारखा फडफडायचा. सराव म्हणून टोचून टोचून तिनं घरची एक उशी कामातून घालवली होती. आई म्हणायची, अगं, उशीवर हात चांगला बसलाय तुझा, आता माणसं बघ. तर ताईनं सगळ्यांसमक्ष जाहीर करून टाकलं होतं की दाढ दुखली तर आपण कळ सोसू, पण घरात तोंड उघडणार नाही.

विभागाचा नियम असा होता की खऱ्या पेशंटच्या अंगाला सुई लावण्याआधी विद्यार्थ्यांनी जोड्या करून एकमेकांना एकदा इंजेक्शन द्यायचं. ते लागू पडलं की दाढसर वहीत सही करणार. सही नाही, तर पेशंट नाही, आणि पेशंट नाही तर सहा महिने मागे. शेवटचा दिवस उजाडला तेव्हा एकट्या चिमणीची सही राहिली होती. त्यातून तिच्या जोडीदाराला सकाळीच ताप भरला. तो चिमणीचा नंबर लागल्यामुळे भरला असं वर्गाचं मत होतं, पण थर्मामीटर लावून बघायला कोणी गेलं नाही.

त्याच दुपारी तीन वाजता तपासणी समिती यायची होती. शिक्षण नीट चाललंय का हे ती बघणार, आणि तिला पसंत पडलं नाही तर पुढच्या वर्षी विभागाला नवे विद्यार्थी मिळणार नव्हते. सगळा विभाग पहाटेपासून फडकी घेऊन पुसत सुटला होता. चिमणी कोपऱ्यात उभी राहून वही पोटाशी धरून होती. दाढसरांनी तिला पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि कोट काढून खुंटीला लावला.

"मी बसतो खुर्चीत," ते म्हणाले. "माझ्या जबड्यात दे."

चिमणी म्हणाली की सर, राहू द्या, मी सहा महिने थांबते. पण सर खुर्चीत जाऊन आडवेही झाले होते. पंधरा वर्षांत आपल्या हाताखालचा एकही विद्यार्थी चुकलेला नाही, असं त्यांनी दिव्याकडे बघत ऐकवलं आणि मग तोंड उघडलं. तोंड उघडल्यामुळे पुढचं ऐकवणं मात्र बंद झालं.

खालच्या जबड्याचं इंजेक्शन मागे, अगदी शेवटच्या दाढेच्या पलीकडे द्यायचं असतं. सुई आत जाते, हाडाला टेकते. मग ती किंचित मागे घ्यायची आणि औषध सोडायचं. चिमणीला हे पाठ होतं. तिनं सुई घातली. हाड लागेना. अजून थोडी पुढे सारली, तरी लागेना. हात आश्चर्यकारकरीत्या स्थिर होता, कारण तो भीतीनं थिजला होता.

हाड लागत नाहीये, जाऊ का पुढे, असं तिनं विचारलं. सर म्हणाले, "आँ."

त्यांना "थांब" म्हणायचं होतं, हे नंतर कळलं. चिमणीनं तो होकार धरला आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, हळूहळू, सगळं औषध आत सोडलं.

पाच मिनिटांनी ओठ बधिर होऊन जड व्हायला हवा होता. ओठ होता तसाच. मुलीचं मन मोडू नये म्हणून सर हसले, आणि त्यांचा अर्धाच चेहरा हसला. डावा गाल वर गेला, उजवा जागचा हलला नाही. विभागातल्या सिस्टरांनी आरसा आणून समोर धरला. उजव्या बाजूचा ओठ लोंबत होता, आणि उजवा डोळा काही केल्या मिटत नव्हता.

सर शांत होते. सुई फार मागे गेली, दोन-तीन तासांत उतरेल, असं त्यांनी सांगितलं. मात्र ओठ साथ देत नसल्यामुळे त्यांच्या तोंडून "प" आणि "फ" नुसती हवा होऊन बाहेर पडत होते. चिमणी पुढचा विचार करत होती. उतरलंच नाही तर? सरांच्या घरी भिंतीवर सगळ्यांचा फोटो असेल. यापुढच्या प्रत्येक फोटोत सर अर्धेच हसणार आणि त्यांची मुलं पाहुण्यांना सांगणार, ती एक चिमणी म्हणून होती ना, तिनं केलं हे.

उघडा डोळा कोरडा पडू नये म्हणून सिस्टरांनी कापसाची घडी आणि चिकटपट्टी आणली. सरांनी ती परत पाठवली. समितीसमोर डोळ्याला पट्टी बांधून उभं राहायला आपण समुद्रावरचे चाचे आहोत का, असा त्यांचा सवाल होता. आता सव्वाअकरा, समिती तीनला, तोवर सगळं जागेवर येतं. त्यांचा हिशेब बरोबर होता. फक्त समितीचं आधीचं काम लवकर उरकलं आणि ती पावणेबारालाच दारात उभी राहिली.

समितीत दोघं होते. एक कडक इस्त्रीच्या बाई, त्यांचा चष्मा आणि त्यांची नजर दोन्ही जाड. दुसरे एक निवृत्तीला टेकलेले गृहस्थ, त्यांना जेवायची वेळ कळत होती. सरांनी घाईघाईनं मास्क चढवला. लोंबणारा ओठ झाकला गेला, सरांचा जीव भांड्यात पडला. आता चेहऱ्यापैकी दिसत होते ते फक्त डोळे, आणि घोळ झाला तो तिथेच.

कारण माणूस दर चार-पाच सेकंदांनी पापण्या मिटतो, आणि सरांची मिटत होती ती एकटी डावी.

बाईंनी विचारलं, उपकरणं रोज निर्जंतुक करता? अगदी रोज, असं सर म्हणाले आणि त्यांनी बाईंना डोळा मारला. पेशंटच्या या नोंदी खऱ्या आहेत? शंभर टक्के खऱ्या, सर म्हणाले आणि पुन्हा डोळा मारला. बाईंची लेखणी थबकली. प्रत्येक विद्यार्थ्याकडे शिक्षकाचं लक्ष असतं का, या प्रश्नावर तर ते मनापासून बोलले, त्यामुळे वेळ लागला आणि लागोपाठ तीनदा मारला. शेजारच्या गृहस्थांना वाटलं की माणूस मनमोकळा दिसतोय. त्यांनी सभ्यपणे उलट एकदा मारला.

सरांना स्वतःला यातलं काहीच कळत नव्हतं. समोर उभ्या असलेल्या चिमणीला सगळं दिसत होतं. ती बाईंच्या पाठीमागून आपल्या डोळ्याकडे बोट दाखवू लागली, पापणी दाबून दाखवू लागली. सरांना वाटलं, हिच्या डोळ्यात काहीतरी गेलंय. एवढ्यात बाईंनी वळून पाहिलं. शिक्षक डोळा मारतोय आणि विद्यार्थिनी त्याला मागून डोळ्याच्याच खाणाखुणा करतेय, असं चित्र त्यांना दिसलं. त्यांनी वही मिटली. मला जे समजायचं ते समजलं, इथे थांबण्यात अर्थ नाही, असं म्हणून त्या दाराकडे निघाल्या.

आपण आत्ता बोललो नाही तर विभाग जाईल, आणि बोललो तर आपण जाऊ, हे चिमणीला स्वच्छ दिसत होतं. ती दारात जाऊन आडवी उभी राहिली.

"बाई, सर डोळा मारत नाहीयेत," ती म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "त्यांचा दुसरा मिटत नाहीये. मी मिटेनासा केलाय."

बाईंनी सरांना मास्क उतरवायला सांगितलं, भुवया वर करायला सांगितल्या. एकच वर गेली. शीळ घालायला सांगितली, तर नुसती फुंकर निघाली. बाई मग चिमणीकडे वळल्या आणि तिथेच, दारात उभं राहून, त्यांनी तिची परीक्षा घेतली. सुई कुठे गेली? हाड न लागता मागे, कानाखालच्या लाळग्रंथीत. तिथे काय असतं? चेहरा हलवणारी नस, ती त्या ग्रंथीतूनच जाते. औषधानं तीच झोपली. हाड लागलं नाही तर काय करायला हवं होतं? सुई बाहेर काढून पुन्हा नीट घालायला हवी होती. मग का नाही काढलीस?

"सर 'आँ' म्हणाले," चिमणी म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला फुटलं.

बाईंनी तिला रडू दिलं. मग सिस्टरांकडे हात पुढे केला. सिस्टरांनी खिशातली कापसाची घडी काढून दिली, आणि बाईंनी स्वतः सरांचा उजवा डोळा मिटवून त्यावर पट्टी लावली. चुकलं कुठे हे विद्यार्थिनीला कळलंय, डोळा झाकायला हवा हे तुम्हाला पेशंट होऊनही कळलं नाही, एवढंच त्या म्हणाल्या. सरांनी मान खाली घातली. अडीचच्या सुमाराला पट्टी काढली तेव्हा त्यांचे दोन्ही डोळे जोडीनं मिटत होते.

आठ दिवसांनी समितीचा अहवाल आला. विभागाला मंजुरी होती. खाली बाईंच्या हातची एक सूचना होती: विद्यार्थ्यांच्या पहिल्या इंजेक्शनसाठी यापुढे शिक्षकांनी आळीपाळीनं स्वतः खुर्चीत बसावं, असा धडा विद्यार्थी जन्मात विसरत नाही. त्या दिवसापासून शिक्षकांच्या खोलीत चिमणी दिसली की सगळ्यांना एकदम बाहेरची कामं आठवू लागली.

चिमणीची सही तशीच राहिली होती. इंजेक्शन लागू पडल्यावरच सही, आणि सरांचा ओठ काही बधिर झाला नव्हता, त्यामुळे दाढसर म्हणाले की नियम तो नियम, पुन्हा द्यावं लागेल. पाळी हिरडीसरांची होती. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हिरड्यांतलं रक्त शांतपणे बघत आलेले हिरडीसर खुर्चीत बसले तेव्हा त्यांच्या तोंडावर रक्त म्हणून नव्हतं.

"ती तूच ना?" त्यांनी विचारलं.

चिमणी हो म्हणाली. या वेळी हाड लागल्याशिवाय औषध सोडणार नाही, असं तिनं कबूल केलं. आणि तुम्हाला थांब म्हणायचं असेल तर बोलू नका, नुसता हात वर करा, असंही सांगितलं.

हिरडीसरांनी लगेच हात वर केला.

"सर, मी अजून सुरुवात केली नाही."

"माहीत आहे," हिरडीसर म्हणाले, आणि मिटताहेत तोवर त्यांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले.