दगडूनानांचे चार ‘मी’

आमच्या गल्लीतले दगडूनाना भाजीवाल्याशी बोलताना ‘ओरे’ असतात, बँकेत ‘वाताकुशी’ होतात आणि माझ्या दारात आले की ‘वाताशी’. "वाताशी येऊ का आत, सर?" हे सगळे जपानी भाषेतले ‘मी’ आहेत.

नाना मूळचे धुळ्याकडचे. जळगावात डाळ मिलमध्ये तीस वर्षं मुकादम होते. निवृत्तीनंतर लोक गुडघ्यांची काळजी करतात. हे सत्तरीला आल्यावर मोबाईलवर जपानी शिकायला बसले. "आपला एकच मी," ते अहिराणीत सांगतात. "कलेक्टरले बी तोच, कुत्राले बी तोच. तठे मानूस देखीसन मी बदलना पडस." दोस्तांत छाती काढणारा तो ओरे, चारचौघांतला सभ्य तो वाताशी, पोरसवदा आणि जरा मऊ तो बोकू, मोठ्यांपुढे वाकणारा तो वाताकुशी. एकदा गॅसवाल्याला फोनवर म्हणाले, "वाताकुशी बोलतोय." त्याने या नावाचं कनेक्शन नाही म्हणून फोन ठेवून दिला.

मी पोट धरून हसलो होतो. पुढे कारण कळलं तेव्हा त्या हसण्याची लाज वाटली.

नानांचा एकुलता मुलगा संजय नोकरीसाठी जपानला गेला आणि त्याने तिथल्याच मुलीशी लग्न केलं. घरी कळवलं ते लग्नानंतर. नाना मिलमधल्या आवाजात फोनवर ओरडले, "आजपाईन मी तुना बाप नही!" तिकडे स्पीकर चालू होता, सून शेजारीच बसली होती. तिने अर्थ विचारला आणि संजयने तो सांगितला. त्यानंतर चार वर्षं तो फक्त आईशी, म्हणजे अक्कांशी बोलला. तेवढा वेळ नाना अंगणात जाऊन उभे राहत.

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो बायकोला आणि तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन येणार होता. आखाजीला लेकी माहेरी येतात. "तिनं माहेर दूर शे, तिले आठेच माहेर," असं म्हणून अक्कांनी सुनेचं माहेर इथेच ठरवून टाकलं. नानांना कोणी विचारलंच नाही. ते वही घेऊन माझ्याकडे आले.

"सर, माफी मांगनारा मी कोनता शे?"

मी बरंच शोधलं. सासऱ्याने सुनेपुढे वाकायचं तर कोणता, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. "वाताकुशी म्हणा," मी म्हणालो. "घरात जरा जड वाटेल, पण तुमच्या मनातलं पोचेल." आठ दिवस ते अंगणात येरझारा घालत वाताकुशीने सुरू होणारं माफीचं जपानी वाक्य घोकत होते.

रिक्षा आली तेव्हा मी शेजारीच होतो. सून बाळाला घेऊन उतरली. नानांनी हात जोडले, "वाताकुशी..." एवढंच म्हणाले आणि हात जोडून तसेच वाकून राहिले. संजय मान खाली घालून सामान उतरवत राहिला. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

सून कमरेत वाकली. मग तिने नानांचे जोडलेले हात हलकेच सोडवले, त्यांत बाळ ठेवलं आणि बाळाला सांगितलं, "ओजीसान."

आजोबा. हा शब्द नानांना ठाऊक होता. ते बाळ घेऊन अवघडून उभे राहिले. छातीशी धरावं की परत द्यावं, त्यांना कळत नव्हतं. डोळे संजयवर लागले होते.

संजयने बॅग तशीच खाली टाकली आणि तो धावत आला.

"नाना," तो म्हणाला, "पोरनी मान धरा."