कललेली तीन झाडं

सकाळी चूळ भरायच्या आधी घरातल्या सगळ्या तसबिरी सरळ करायच्या, हा काटकोनांचा नेम होता. जन्मभर त्यांनी तसबिरींना चौकटी बसवायचं दुकान चालवलं. दुकान बंद झालं, डोळा मात्र बंद व्हायला तयार नव्हता. ‘काटकोन’ हे नाव गल्लीनं ठेवलेलं. खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं.

रोज सरळ केलेल्या तसबिरी दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे मान टाकून बसलेल्या असत. काटकोनांच्या मते याला एकच कारण होतं: बायकोचं फडकं.

“मी पुसते. ढकलत नाही,” बायको म्हणायची.

“मग काय त्या आपल्या पायांनी चालतात?”

हा संवाद घराइतकाच जुना होता आणि घरासारखाच त्याचा दोघांना त्रास होत नव्हता.

घर उतारावर होतं. उतारावरच्या घरात काही गैरसोयी असतात, तशा काही सोयीही असतात. या घरातली मोठी सोय म्हणजे हरवलेली वस्तू शोधावी लागत नसे. शर्टाचं बटण, रक्तदाबाची गोळी, सोलताना उडालेला मटार, काहीही हातातून सुटलं की घरंगळत बैठकीच्या उजव्या कोपऱ्यात जाऊन थांबायचं. पाहुण्यांचं काही पडलं तर बायको खुर्चीवरून न उठता सांगायची, “कोपऱ्यात बघा.” दारंही आपली आपण बंद व्हायची. काटकोन त्याचं श्रेय बिजागऱ्यांना देत आणि आताच्या बिजागऱ्यांना नावं ठेवत.

बैठकीच्या खिडकीतून पाहिलं की उतार आडवा दिसे. डावीकडे वर, उजवीकडे खाली, आणि खालच्या अंगाला, घराला लागूनच, तीन उंच झाडं. घराला पडदेसुद्धा नव्हते तेव्हा बायकोनं ही रोपं आणून लावली होती. दोन झाडांमध्ये तिची कपडे वाळत घालायची दोरी होती, आणि नवऱ्याशी बिनसलं की तिसऱ्या झाडाखाली तिची खुर्ची असे. तिसऱ्या झाडाखाली गवत कधीच उगवलं नाही, यातच काय ते आलं.

तर एकदा मोठं वादळ झालं आणि मधल्या झाडाची एक फांदी दोरीवर पडली. नुकसान म्हणाल तर एक उशीचा अभ्रा. पण काटकोन खिडकीत उभे राहून झाडांकडे पाहू लागले, आणि चौकटीच्या माणसानं खिडकीत उभं राहून पाहिलं की जे व्हायचं ते झालं. त्यांनी एक डोळा मिटला, खिडकीची उभी कड झाडाच्या खोडाशी लावली. झाड कललेलं होतं. तिन्ही झाडं कललेली होती. तीही घराच्याच बाजूला. अंगणात जाऊन घराच्या कोपऱ्याशी ताडून पाहिलं, तिथंही तेच.

झोपायची खोली त्याच अंगाला होती, आणि पलंगावर त्या बाजूला बायको झोपायची. काटकोनांची झोप उडाली. बाहेर पान हललं तरी ते उठून बसत.

“ती झाडं काढायला हवीत,” त्यांनी एका सकाळी जाहीर केलं. “पडली तर आधी तुझ्यावर, मग माझ्यावर.”

“तुमचा नंबर नंतर आहे ना? मग तुम्ही झोपा.”

“चेष्टा नको. घरावर कललीत.”

“तुम्हाला मीसुद्धा कललेलीच दिसते,” बायको म्हणाली आणि खुर्ची उचलून तिसऱ्या झाडाखाली गेली.

झाडं काढायची परवानगी देणाऱ्या कार्यालयात एक कारकून बाई होत्या. त्यांनी काटकोनांना बसायला सांगून शांतपणे समजावलं, की सपाटीवरचं झाड ही एक गोष्ट आणि उतारावरचं झाड ही दुसरी. उतारावरचं झाड नुसतं उभं नसतं, नोकरीवर असतं. माती धरून ठेवतं. त्याला काढायचं तर ते वाळलेलं तरी हवं, किडलेलं तरी हवं, नाहीतर कुणाच्या घरावर कललेलं हवं. शिवाय कल दाखवणारा फोटो, खालच्या घरमालकाची संमती आणि हरकती मागवणारी नोटीस. काटकोन निघताना बाईंच्या टेबलावरचं कॅलेंडर सरळ करून आले.

फोटो त्यांनी स्वतः काढला, बैठकीच्या आतून, खिडकीची चौकट सगळी येईल असा. कल कशाशी तरी ताडून दाखवायला नको का? मग नुसता कागद सरकारदरबारी धाडायचा म्हणजे माणसाला उघड्या अंगानं धाडण्यासारखं वाटलं. म्हणून त्यांनी त्याला कोनाड्यात जपून ठेवलेली जुनी सागवानी चौकट चढवली, काच घातली आणि अर्जासोबत दिला.

कारकून बाई त्याकडे बघतच राहिल्या. आतून त्यांचे साहेब आले. खिडकी, खिडकीत तीन झाडं, मागे आभाळ. साहेबांनी स्वतःच्या हातानं खिळा ठोकून तो फोटो आपल्या टेबलासमोर लावला. काटकोन फुशारून घरी आले आणि काही दिवसांनी चौकशीला गेले, तेव्हा अर्ज जागच्या जागी होता. अर्जाला फोटो जोडलेला नाही, असा शेरा पडला होता.

“तो काय समोर,” काटकोनांनी भिंतीकडे बोट दाखवलं.

“तो भिंतीला आहे, काका. फाइलला कुठे आहे?”

दुसरी प्रत त्यांनी बिनचौकटीची दिली. ती देताना त्यांना कसंसंच झालं.

मग राहिली खालच्या घरमालकाची संमती, आणि इथं खरी मेख होती. खालच्या घरात निवृत्त बसकंडक्टर राहत आणि काटकोनांशी त्यांचं बोलणं बंद होतं. कारण एक मामा. कंडक्टरांनी मागे आपल्या कुटुंबाचा फोटो चौकटीसाठी दिला होता. फोटो एका कडेला तिरका छापलेला. काटकोनांनी तो सवयीनं छाटून काटकोनात आणला. त्या कडेला कंडक्टरांचे मामा उभे होते. फोटो काटकोनात आला, मामा गेले. “खांदा ठेवलाय की,” असं काटकोन तेव्हा म्हणाले होते. ते त्यांच्यातलं शेवटचं वाक्य.

काटकोन उतार उतरून कंडक्टरांच्या दारात उभे राहिले. कंडक्टर पायरीवर बसून वर, काटकोनांच्या घराकडेच, बघत होते. आलेल्या माणसाकडे न पाहता त्यांनी पायरीवर थोडं पुढे सरकून जागा केली. ही जुनी खोड. काटकोनांनी घसा साफ केला, झाडं काढायची आहेत म्हणून सांगितलं, सही मागितली.

“सही मिळणार नाही,” कंडक्टर म्हणाले.

“मामांचा राग झाडांवर काढू नका.”

“मामांचा काही संबंध नाही. ती झाडं गेली तर तुमचं घर माझ्या अंगणात येऊन बसेल. तिकीट न काढता.”

काटकोन ताडताड चढ चढून घरी आले आणि कंडक्टरानं धमकी दिली, घर गिळायला निघालाय, असं बायकोला सांगू लागले. कंडक्टरांचंच बरोबर आहे, असं ती म्हणाली. वर, मामांना कापायचं काय नडलं होतं, हेही विचारून घेतलं.

संमती नाही तर सुनावणी, असं कारकून बाई म्हणाल्या. मधल्या झाडावर नोटीस लागली. ज्यांची हरकत असेल त्यांनी कळवावी. काटकोन रोज जाऊन ती सरळ करून येत. मुदत संपल्यावर ते कार्यालयात गेले तर बाई जरा अवघडल्यासारख्या झाल्या.

“दोन हरकती आल्यात, काका. एक खालच्या घरातून.”

“ती येणारच. दुसरी?”

बाईंनी पेन्सिलीचं टोक तपासलं. “पत्ता तुमचाच आहे.”

काटकोन घरी आले. बायको मटार सोलत होती. एक दाणा उडाला, घरंगळला आणि कोपऱ्यात जाऊन थांबला. दोघांनीही तिकडे पाहिलं नाही.

“घरात सांगता आलं नसतं?” त्यांनी विचारलं.

“घरात सांगितलेलं तुम्ही ऐकता कुठे? म्हटलं, कार्यालयातून येऊ दे.” पुढची शेंग सोलत ती म्हणाली, “तुम्ही दुकानात असायचात. दिवसभर मी कुणाशी बोलत होते, असं वाटतं तुम्हाला?”

त्या रात्री काटकोन तिला न विचारता पलंगाच्या तिच्या बाजूला जाऊन झोपले. तिनंही काही न म्हणता त्यांची बाजू घेतली.

पाहणीला अधिकारी आल्या. वयानं काटकोनांना मुलगी शोभतील अशा, पायांत चिखलाचे बूट, खांद्याला पिशवी. कंडक्टरही वर आले होते, पण त्यांनी फक्त अधिकाऱ्यांना आणि वहिनींना नमस्कार केला. अधिकारी म्हणाल्या, की साहेबांच्या भिंतीवरचा फोटो त्या रोज बघतात आणि रोज कोड्यात पडतात. उतारावरची झाडं कलली तर बहुतेक खाली कलतात. चढाच्या बाजूला एका मापात कललेली तीन झाडं त्यांनी आजवर पाहिली नव्हती, म्हणून त्या मुद्दाम स्वतः आल्या.

त्यांनी पिशवीतून ओळंबा काढला. म्हणजे दोरीला बांधलेला पितळेचा लंबक, गवंडी भिंत सरळ आहे का ते बघायला वापरतात तो. फांदीला दोरी अडकवून त्यांनी तो पहिल्या खोडालगत सोडला. लंबक डुलला, थांबला. दोरी आणि खोड शेजारी शेजारी, शाळेतल्या दोन शहाण्या मुलांसारखी. दुसरं झाड, तसंच. तिसरं झाड, तसंच.

“दोरीला पीळ असेल,” काटकोन म्हणाले.

“असेल,” अधिकारी म्हणाल्या. “आतून बघू या का? फोटो आतून काढलाय ना?”

बैठकीच्या खिडकीत त्यांनी वरच्या कोपऱ्यातून ओळंबा सोडला. दोरी वर चौकटीला टेकलेली होती. खाली ती चौकट सोडून चांगली चार बोटं उजवीकडे गेली. पलीकडे, दोरीच्या अगदी समांतर, तीन झाडं उभी होती.

दार आपलं आपण बंद झालं.

“मॅडम,” बायको म्हणाली, “जरा इथं धरता?”

ती लग्नाच्या फोटोपाशी उभी होती. काटकोनांनी तो सकाळीच सरळ केला होता. अधिकाऱ्यांनी त्याच्याशेजारी ओळंबा धरला. दोरी एकीकडे, तसबीर दुसरीकडे. मग बायकोनं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि त्याच्या टोकानं तसबिरीला हलकेच स्पर्श केला. तसबीर खिळ्यावर हलली, डावीकडे मान टाकली आणि दोरीच्या रेषेत येऊन थांबली.

बायकोनं फडकं झटकलं, त्याची नीट घडी घातली आणि काटकोनांच्या हातात दिली.

काटकोन म्हणजे चौकटीवर भरवसा ठेवण्यात जन्म गेलेला माणूस. चौकट खोटी असेल, हे मनाला शिवलं नव्हतं. आणि घर इतक्या सावकाश कललं होतं, की ती दोघं त्याच्याबरोबर कलत गेली होती.

“घरावर झाडं कललेली नाहीत,” अधिकारी शक्य तितक्या मऊपणानं म्हणाल्या. “घर झाडांवर कललंय. त्यांनी माती धरलीय म्हणून इथं आपण उभे आहोत.”

“मी रोज खालून बघतो ना,” कंडक्टर भिंतीला उद्देशून म्हणाले. “वर्षावर्षानं इकडे झुकतंय.”

“मग सांगितलं का नाहीत?” काटकोन एकदम त्यांच्याकडे वळले.

“बोलणं बंद होतं.”

नियमानुसार ते बरोबर होतं.

आदेश लेखी आला. तिन्ही झाडं सुदृढ, उपयुक्त आणि सरळ असून त्यांना हात लावू नये. अर्जात वर्णन केलेला कल अर्जदाराच्या घराचा आढळला, सबब अर्जदारानं उताराच्या पायथ्याशी आधाराची भिंत बांधून घ्यावी. झाडांना ‘संरक्षित’ लिहिलेले पत्रे ठोकले गेले. घराच्या दारावर ‘दुरुस्तीस पात्र’ अशी चिठ्ठी लागली. ती काटकोनांनी अंदाजानं सरळ लावली आणि मग लावली ती सरळ की वाकडी, या विचारात बराच वेळ उभे राहिले.

आधाराची भिंत हद्दीवर येणार, म्हणजे पुन्हा खालच्या घरमालकाची संमती. काटकोन पुन्हा उतार उतरले. कंडक्टर पायरीवर सरकले. या वेळी काटकोन शेजारी बसले.

“सही देतो,” कंडक्टर म्हणाले. “पण माझे मामा हवेत.”

“मामा?” काटकोन गोंधळले. “ते तुमच्याच घरात आहेत की.”

“माझ्या घरात नुसता खांदा आहे.”

“अहो, छाटलेली पट्टी मी कधी टाकत नाही. तसबिरीच्या पाठीमागे, पुठ्ठ्याच्या आत सारून ठेवतो. कुणाचं माणूस केरात कसं टाकणार?”

कंडक्टर आत गेले. फोटो उतरवून आणला. काटकोनांनी मागचे खिळे नखानं उचकटले, पुठ्ठा काढला. मामा तिथंच होते, टोपीसकट, थोडे पिवळे पडलेले, पण एकूण खुशीत. कंडक्टरांनी पट्टी खांद्याशी जुळवून पाहिली.

“मग सांगितलं का नाहीत?” ते म्हणाले.

“बोलणं बंद होतं,” काटकोन म्हणाले.

भिंत उभी राहिली. घर आता जाणार नव्हतं कुठे, पण सरळही होणार नव्हतं. भिंतीनं आधार मिळतो, काटकोन मिळत नाही. काटकोनांनी तसबिरींना हात लावायचा नाही असं ठरवलं. सकाळी चहाचा कप घेऊन ते लग्नाच्या फोटोपुढे उभे राहत आणि तो सरळ दिसावा म्हणून स्वतःची मान वाकडी करत.

तीन-चार दिवस बायकोनं हे पाहिलं. मग एक दिवस ती फडकं आणि काटकोनांची रक्तदाबाची गोळी घेऊन आली आणि तसबिरीचा कोपरा ढकलून तिनं ती भिंतीशी जुळवली.

“राहू दे,” काटकोन म्हणाले. “होती ती सरळच होती.”

“माहीत आहे. पण मान अवघडेल तुमची.”

दोघं पाहत उभी राहिली. तसबीर क्षणभर तशीच थांबली. मग हळूहळू, कुणाचंच न ऐकता, तिनं पुन्हा झाडांसारखी मान टाकली.

“तुझं फडकं,” काटकोन सवयीनं म्हणाले.

बायको इतकी हसली, की तिच्या हातातली गोळी निसटली.

“कोपऱ्यात बघा,” ती म्हणाली.