रोह्याची साडी

"अवो, कोठीमागचं युरियाचं पोतं कुठी गेलं?" कोकिळाबाईंनी आतल्या खोलीतून विचारलं, तेव्हा बंडूजी अंगणात दात घासत होते. प्रश्न साधा होता, म्हणून उत्तरही त्यांनी साधंच दिलं.

"जुन्या साड्यायचं ना? काल सांजच्याले वावरात नेलं. समद्या बांधून टाकल्या."

आत धप्पकन आवाज झाला. बंडूजी तोंडातल्या फेसासकट आत धावले, तर कोकिळाबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेल्या.

"त्याच्यात आकांक्षाच्या साक्षगंधाची साडी होती!"

बंडूजींनी फेस गिळला. पोरीचं साक्षगंध रविवारी होतं आणि आज शुक्रवार उजाडला होता. मुलाकडच्यांची साडी नेसूनच पोरीनं साखरपुड्याला पाटावर बसायचं, ही रीत. पुलगावच्या विहीणबाईंनी ती फॉल-पिकोसाठी आधी पाठवली होती आणि देताना तीनदा बजावलं होतं की असा पीस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नाही.

"साक्षगंधाची साडी युरियाच्या पोत्यात काऊन ठेवली?"

"लग्नघरात चोर आंधी कपाट फोडते. युरियाचं पोतं कोण पाहते?"

"म्या पाह्यलं ना!"

त्यांचं तरी काय चुकलं होतं? हिंगणीत ज्यांची वावरं बोरच्या जंगलाला लागून आहेत, ते सगळेच हरभरा घाट्यावर आला की भोवती जुन्या साड्या बांधतात. साडी वाऱ्यानं हलते, जनावराला वाटतं माणूस उभा आहे. जंगल कुठं संपतं आणि बंडूजींचं वावर कुठून सुरू होतं, हे रोह्यांना, म्हणजे नीलगायींना, आणि रानडुकरांना कुणी समजावून सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे हा उपाय. पंधरा दिवस बंडूजी घरोघर साड्या मागत फिरले होते. त्यासाठी त्यांनी ओसरीत ठेवलेलं पोतंही युरियाचंच. काल दोरी शोधताना कोठीमागं तसंच दुसरं पोतं सापडलं, वर दोन विटक्या साड्या. बायकोनंही कपाट आवरलेलं दिसतं, असं म्हणून त्यांनी ते कौतुकानं उचललं होतं. खालची जांभळी, जरीकाठी साडी तर इतकी ठसठशीत वाटली, की रोही नेमके जिथून घुसतात त्या कोपऱ्यावर त्यांनी ती बांधली आणि दोन पावलं मागं सरून पाहिलीही होती.

दोघं मोटरसायकलवर वावरात पोचले. सगळ्या साड्या जागच्या जागी फडफडत होत्या. कोपरा मात्र उघडा पडला होता, कुंपणाच्या दोन बल्ल्या आडव्या, बाभळीच्या काट्याला जरीचा एक धागा आणि जंगलाकडं गेलेले खुरांचे मोठाले ठसे. हरभऱ्याची एक पट्टी पार सपाट झाली होती, पण बंडूजींनी तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

"नेली!" कोकिळाबाईंनी डोक्याला हात लावला. "माह्या पोरीची साडी रोह्यानं नेली!"

तेवढ्यात वावराच्या धुऱ्यावरून वनरक्षक नागसेन मोबाईल घेऊन आला. "बंडूभाऊ, हे कोणाच्या वावरातलं हाये?"

पाणवठ्याजवळच्या झाडावर बसवलेल्या कॅमेऱ्यात पहाटे फोटो निघाला होता. एक दांडगा रोही, शिंगांत जांभळी साडी अडकलेली, जरीचा काठ कपाळावर आणि बाकीची साडी पाठीवरून मागं लोळत असलेली. डोक्यावर पदर घेऊन पाणी भरायला आल्यासारखा तो उभा होता. कुणीतरी फोटो बाहेर सोडला होता आणि तो सकाळपासून जिल्हाभरच्या ग्रुपांवर फिरत होता.

कोकिळाबाईंनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. "काठ तर धड दिसते. धुवून निघन का?"

"वहिनी, साडीचं सोडा," नागसेन म्हणाला. "थे झुडपात अटकली का जनावर तिथंच फास लागून मरते. मागच्या साली एक चितळ असंच गेलं."

बंडूजींनी फोटो पुन्हा पाहिला. रोह्याचे डोळे विस्फारलेले होते, अगदी त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांसारखे. सारा हिवाळा त्यांनी या जनावराला शिव्या घातल्या होत्या.

"मले त्याले फक्त भेववाचं होतं बापा," ते पुटपुटले. "माराचं नोतं."

नागसेन माणसं घेऊन जंगलात गेला. बंडूजींनी एकेक करून कुंपणाच्या सगळ्या साड्या सोडायला घेतल्या. दुसऱ्या टोकाकडून कोकिळाबाईही गाठी सोडू लागल्या. दुपारी ढीग घेऊन दोघं घरी आले, तेवढ्यात नागसेनचा फोन आला.

"सुटला गडी! साडी झुडपात अटकलती, पण झटका देऊन पयाला. साडीच्या मात्र चिंध्या झाल्या."

बंडूजींनी जंगलाच्या दिशेनं हात जोडले. रोह्याची मान सुटली होती, आता त्यांची स्वतःची अडकलेली होती.

आणि फोन पुन्हा वाजला. आकांक्षानं पाहिलं. "बाबा, पुलगाव."

"उचल. खरं सांगून टाकतो," बंडूजी म्हणाले. आकांक्षानं स्पीकर लावला.

"विहीणबाई, माह्याकडून एक मोठी—"

"तुम्ही मंधात बोलू नका! चूक आमची झाली!" विहीणबाई कडाडल्या. "म्या आताच रोह्याचा फोटो पाह्यला. रंग थोच, काठ थोच, बुट्टी बी थेच!"

कोकिळाबाई फोनजवळ सरकल्या.

"त्या दुकानदारानं शपथ घेतलती, असा पीस जिल्ह्यात कोणाच्याच आंगावर दिसणार नाई म्हणून. अन् इथं तुमच्या जंगलातला रोही नेसून राह्यला! लोकं वावराले बांधते म्हणजे केवढी सस्ती साडी असन थे! माह्या सुनेले म्या तशी नेसू देईन? उद्या दुसरी घेऊन येतो आम्ही, हिच्यापेक्षा भारी."

आकांक्षानं ओढणी तोंडात कोंबली. कोकिळाबाई भिंत धरून पुन्हा खाली बसल्या.

"अन्... पह्यलीवाली?" बंडूजींनी विचारलं. "थे वापस पायजे का?"

"वापस कायले? तोंड पाहावत नाई मले तिचं. तुमच्या वावराले बांधून टाका!"

बंडूजींनी ओसरीतल्या साड्यांच्या ढिगाकडं पाहिलं, मग बायकोकडं.

"हो, विहीणबाई," ते नम्रपणे म्हणाले. विहिणीचा हुकूम इतक्या तत्परतेनं, तोही आदल्याच दिवशी, त्यांनी पहिल्यांदाच पाळला होता.